पाचव्या ओळीतली हळद

"शालन, अगं ऊठ! तुझी पाचवी ओळ गेली!"

एस्तेरबाईंची हाक ऐकून मी तंबूबाहेर आले ती अर्धी वेणी हातात धरूनच.

"गेली म्हणजे? ओळ काय पॅसेंजर आहे का जायला?"

"थट्टा नको. चल आणि बघ."

छावणीतली पाचवी ओळ म्हणजे बासष्ट झोपड्या. बांबूचे सांगाडे, वर ताडपत्री, आणि दाराला चटई. सकाळी या वेळेला तिथे चुलींचा धूर असायचा, पोरांची रड असायची, बोअरिंगच्या पंपापाशी बादल्यांची भांडणं असायची. त्या दिवशी एक माणूस नव्हता. चुली गार. चटया वाऱ्यावर हलत होत्या आणि प्रत्येक चटईवर उजव्या हाताला, रुपयाएवढा, गोल, पिवळाजर्द ठिपका होता. माझाच. आदल्या संध्याकाळी मी हाताने लावलेला.

खरं सांगते, खोटं कशाला बोलू? मला आधी ठिपके दिसले. कसे एका रेषेत आलेत, हे दिसलं. माणसं नाहीत हे नंतर डोक्यात शिरलं. एवढी मी माझ्या कामावर खूश होते.

एकाहत्तर सालचा आषाढ होता तो. पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे सीमा ओलांडून येत होते, आणि आम्ही सांगलीहून सहा जण मदतीला म्हणून कुसुमडांग्याच्या छावणीत जाऊन पडलो होतो. डॉक्टर हर्डीकर आमचे प्रमुख. एस्तेरबाई साळवे आमच्या मेट्रन, मूळच्या मिरजेच्या, पन्नाशीच्या, आवाज सहसा चढायचा नाही पण त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. आणि मी, शालन थोरवत, चोवीस वर्षांची, नवी कोरी नर्स. वडील सांगलीच्या पेठेत हळदीची पोती तोलायचे. आमच्या घरी अंगाला, कपड्यांना, भाकरीलासुद्धा हळदीचा वास. येताना आईने पिशवीभर हळद बांधून दिली होती, परमुलखात जखमेला होईल म्हणून.

छावणीत आमच्यासारखी आणखी दोन पथकं होती. एक कलकत्त्याच्या कॉलेजातल्या मुलांचं, त्यांचा पुढारी शुभ्रांशु. दुसरं परदेशी, त्यांची मुख्य नर्स इंग्रिड, ताडासारखी उंच. तिघांचं काम एकच, पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचायची. पण ज्याला त्याला आपलाच झेंडा मोठा! परिणाम काय, तर दुसऱ्या ओळीतल्या पोरांना चार दिवसांत दोनदा सुया बसल्या, आणि चौथ्या ओळीकडे कुणी फिरकलंच नाही. तुम्ही केली असेल असं आम्हाला वाटलं, आम्ही केली असेल असं त्यांना. चौथ्या ओळीत दोन माणसं पटकीने गेली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

मग छावणीचे सरकारी अधिकारी दत्तगुप्तबाबू यांनी रोज सकाळी आठला फणसाच्या झाडाखाली तिन्ही पथकांची बैठक लावली. ओळी वाटून दिल्या. पाचवी आमच्याकडे आली. टोचलेल्या झोपडीवर काहीतरी खूण हवी, हेही ठरलं. पण कसली खूण, यावर एस्तेरबाई म्हणाल्या, "उद्या प्रत्येक ओळीतल्या दोन बायकांना बैठकीला बोलवा. दार त्यांचं आहे. त्यांना विचारून ठरवू."

सगळ्यांनी मान डोलावली. मी पण डोलावली. आणि मनात म्हटलं, खुणेला काय विचारायचं? आमच्याकडे मलेरियावाले येतात, भिंतीवर गेरूने तारीख टाकतात, चालू लागतात. कुणाचं काय बिघडतं?

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. त्याच संध्याकाळी मी आईची हळद तेलात कालवली आणि पाचवी ओळ गाठली. सकाळी टोचायचीच आहेत, आधी माणसं मोजून खुणा करून ठेवू, म्हणजे बैठकीत सांगलीचं नाव होईल. आणि हळदच का? तर हळद शुभ! आमच्याकडे लग्नाची सुरुवात हळदीने, जेजुरीचा भंडारा हळदीचा. दारावर हळदीचं बोट म्हणजे आशीर्वादच की. झोपड्यांतली माणसं माझ्याकडे नुसती बघत होती. मला वाटलं, लाजतायत.

रिकाम्या ओळीत आम्ही उभ्या होतो तेवढ्यात अनिमेष मास्तर धापा टाकत आले. जशोरकडच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलेला हा म्हातारा दुसऱ्या ओळीत राहायचा आणि आमच्यासाठी दुभाष्याचं काम करायचा. त्यांचं हिंदी आमच्या हिंदीइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

"रस्त्यापलीकडे आमराईत जाऊन बसलेत सगळे," ते म्हणाले. "कालव्याच्या काठाला. परत येणार नाही म्हणतात."

"पण का?" मी विचारलं.

"दारांवर खुणा दिसल्या म्हणून." मास्तर खाली बघत बोलत होते. "ही सगळी एकाच गावची माणसं आहेत, बेटी. वैशाखात एका दुपारी त्यांच्या दारांवर कुणीतरी पिवळ्या रंगाने खुणा करून गेलं. त्याच रात्री तेवढीच घरं जाळली. खूण नव्हती ती राहिली."

मी चटईला धरलं तर हात नेमका ठिपक्यावर पडला.

"आणखी एक," मास्तर म्हणाले. "क्षीरोदाची नात टुनू पहाटेपासून ओकतेय. जुलाबही लागलेत. चौथ्या ओळीतल्यांना झाले होते तसेच. आणि तिकडे सगळे कालव्याचं पाणी पितायत."

क्षीरोदा म्हणजे पाचव्या ओळीची म्हातारी पुढारीण. तिच्या शब्दाबाहेर ओळ जात नसे. मुलगा आणि सून वाटेतच गेले होते, एवढी चार वर्षांची नात उरली होती.

"तिला आपल्या तंबूत आणा ना!" मी म्हटलं.

"तुमच्या लोकांच्या हाती देणार नाही म्हणते. खुणा कुणी केल्या ते आधी सांगा म्हणते."

एस्तेरबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सलाइनच्या दोन बाटल्या आणि साखर-मिठाची पुडी त्यांनी पिशवीत टाकली. "आठ वाजलेत. बैठकीत पाच मिनिटं डोकावू, आणि तडक आमराई."

फणसाखाली आधीच रण पेटलं होतं. दत्तगुप्तबाबू चष्मा पुसत विचारत होते, "खुणा कुणी केल्या? काल इथे ठरलं होतं की विचारल्याशिवाय करायच्या नाहीत."

शुभ्रांशु इंग्रिडकडे बोट करून म्हणाला, "यांच्या गाडीवरचा पट्टा पिवळा आहे!"

इंग्रिड लाल झाली. "काल संध्याकाळी तुमची मुलं तिकडे फुटबॉल खेळत होती. आम्ही तर इथे नव्हतोच."

हर्डीकर डॉक्टरांना मी वाटेतच सगळं सांगितलं होतं. ते माझ्या कानाशी लागले. "गप्प बस, शालन. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगलीला कळलं तर आपलं पथक परत बोलावतील. दोन दिवसांनी कुणाच्या लक्षात राहणार नाही."

माणूस वाईट नव्हता हो. रात्रंदिवस राबत होता. पण पथकाचं नाव त्याला जिवापाड होतं. आणि मलाही होतं, म्हणून तर हा सगळा घोळ.

शुभ्रांशु आता उभाच राहिला होता. "आमच्या मुलांचं नाव घ्याल तर आम्ही उद्यापासून येणार नाही." इंग्रिड म्हणाली, आम्हीसुद्धा. बैठकींमुळे जुळत आलेलं सगळं पुन्हा तिघांच्या तीन दिशांना चाललं होतं.

एस्तेरबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मराठीत, अगदी हळू, जसं सुपात गहू निवडताना बोलावं तसं त्या म्हणाल्या, "शालन, तुझ्या नखांत काय गं आहे?"

मी हात बघितले. दहाही नखांच्या कडा पिवळ्याधमक.

मी उठून उभी राहिले. दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "मी केल्या. कुणाला विचारलं नाही. यांचा दोष नाही आणि त्यांचाही नाही. आमच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं."

हर्डीकरांनी कपाळाला हात लावला. शुभ्रांशु खाली बसला. मला वाटलं आता शिव्या पडणार. दत्तगुप्तबाबूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "मग आता काय करायचं म्हणता?"

"ते मी नाही ठरवत," मी म्हणाले. "काल मी एकटीने ठरवलं त्याचंच हे झालं. आधी त्यांना विचारते."

एस्तेरबाई उठल्याच होत्या.

आमराईत तीनेकशे माणसं गाठोडी उशाशी घेऊन चिखलात बसली होती. आम्ही येताना दिसलो तशी बायकांनी पोरं पदराखाली ओढली. क्षीरोदा एका झाडाच्या बुंध्याशी होती, पांढरं लुगडं, ताठ पाठ. मांडीवर टुनू. पोरीचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते.

हर्डीकर मागून आले होते. ते मास्तरांना म्हणाले, "त्यांना सांगा, ओळीत परत चला, लगेच उपचार सुरू करतो. सगळ्यांना परत आणायची हीच वेळ आहे."

एस्तेरबाई गर्रकन वळल्या. पुढे सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांचा आवाज चढलेला तेवढा एकदाच ऐकला.

"डॉक्टर, औषधाला अट घालायची नसते! परत येवोत की न येवोत, माझ्यावर विश्वास ठेवोत की न ठेवोत. पोरगी आजारी आहे, बस्स. मास्तर, म्हातारीला विचारा, मी इथेच, तिच्या मांडीवरच सुई लावू का? आणि सांगा, बदल्यात काही नको."

मास्तरांनी विचारलं. क्षीरोदाने टुनूचा हात पुढे केला.

सलाइनची बाटली आंब्याच्या फांदीला टांगली. शीर सापडेना. दोनदा चुकलं, आणि तिसऱ्यांदा हर्डीकरांनी, त्याच हर्डीकरांनी, चिखलात गुडघे टेकून पहिल्या झटक्यात सुई लावली. त्यांचा हात असा की सांगलीत त्याला तोड नव्हती. थेंब पडायला लागले.

मग मी क्षीरोदासमोर बसले. "मावशी, खुणा मी केल्या."

मास्तरांनी सांगितलं. आजूबाजूला एकदम गलका झाला. कुणीतरी बाई किंचाळली. क्षीरोदाने हात वर केला तेव्हा कुठे शांत झालं.

"का?" तिने विचारलं.

"टोचणी कुणाची झाली ते कळावं म्हणून. आमच्याकडे ती खूण शुभ असते."

"आमच्याकडे कशी असते ते कुणाला विचारलंस?"

"नाही."

ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "ज्या हाताने लावलंस," ती म्हणाली, "त्याच हाताने पुस. एक एक दार. मी बघते."

टुनूला एस्तेरबाईंच्या मांडीवर देऊन ती उठली. पोरगी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला सकाळपासून तयार नव्हती ती बाई! तिच्यामागून आणखी पंधरा-वीस जणी निघाल्या.

पहिल्या झोपडीपाशी मी बादली ठेवली, चिंधी भिजवली, कपडे धुण्याचा साबण घासला आणि ठिपक्यावर चोळला. आणि बघता बघता तो पिवळा ठिपका लालभडक झाला. लाल पाणी चटईवरून ओघळून खाली आलं.

मागे बायकांचा जो आकांत उठला, तो अजून माझ्या कानात आहे. दोघी तर पळतच सुटल्या. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे माझ्यासारख्या हळदीच्या पेठेत वाढलेल्या पोरीच्या ध्यानात येऊ नये! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी चिंधी टाकली आणि मटकन खाली बसून रडायला लागले. चोवीस वर्षांची घोडी, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन.

क्षीरोदा मात्र जागची हलली नव्हती. ती वाकली. चिंधी उचलली. नाकाशी नेली. मग शेजारच्या झोपडीवरचा कोरडा ठिपका नखाने खरवडला, तळहातावर घेतला, त्यावर साबणाचं बोट फिरवलं. तळहात लाल. तिने पुन्हा वास घेतला.

"होलुद!" ती म्हणाली.

बायका थबकल्या.

"होलुद!" ती आता ओरडूनच सांगायला लागली आणि प्रत्येकीच्या नाकाशी हात नेऊ लागली. मास्तरांचे डोळे भरले होते. "हळद म्हणतेय," ते म्हणाले. "तिकडे गावात तेलाचा रंग होता, डबाभर. ही तर हळद आहे, म्हणतेय. आमच्याकडेही लग्नात अंगाला लावतात."

क्षीरोदा माझ्यासमोर आली. मला वाटलं आता थोबाडीत बसते. तिने माझा पिवळा हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "वेडी मुलगी! वाटीभर हळद वाया घालवलीस. मला विचारलं असतंस तर मच्छीच्या कालवणात घातली असती."

पहिली हसली कोण ते आठवत नाही. पण हसू पसरलं खरं. आणि रडूही, दोन्ही एकदम.

"चल, पुस," क्षीरोदा म्हणाली. "हळद असली तरी पुसायचीच. न विचारता लावलीय."

मी तिसऱ्या दाराशी होते तेव्हा शुभ्रांशु आणि त्याची चार मुलं बादल्या घेऊन आली. मागोमाग इंग्रिड, बाह्या वर करून. मी म्हटलं, हे माझं काम आहे, त्याच हाताने पुसायचं ठरलंय. शुभ्रांशुने माझ्याकडे न बघताच विचारलं, "मावशी, ओळ हिची एकटीची आहे का?" क्षीरोदाने बादलीकडे बोट दाखवलं. मग काय! त्या उंच बाईला चटया पुसायला वाकता येईना तेव्हा ती सरळ चिखलात बसली. तिच्या गाडीवरचा झेंडा, कॉलेजच्या मुलांचे बिल्ले, आमचा सांगलीचा फलक, त्या दिवशी कुणाला आठवला असेल तर शपथ.

दुपारी दारं कोरी झाली. दत्तगुप्तबाबूंनी बैठक फणसाखाली न घेता पाचव्या ओळीतच घेतली, आणि पहिला प्रश्न क्षीरोदाला केला. "टोचणी झालेल्या घराला खूण हवी आहे. कसली करू?"

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "ज्या घरची टोचणी होईल त्या घरची बाई आपल्या उंबऱ्याशी आल्पना काढील. आपल्या हाताने."

आल्पना म्हणजे आपली रांगोळीच, पण ओल्या पिठाची. पीठ आणायचं कुठून? विद्यार्थ्यांकडे संडासांत टाकायला चुन्याची पोती होती, तो कालवून दिला. झालं! दिवस मावळायच्या आत बासष्ट उंबऱ्यांपुढे बासष्ट नक्ष्या उमटल्या. कुठे मासा, कुठे भाताची लोंबी, कुठे लक्ष्मीची पावलं. एक जोडपं मुसलमान विणकरांचं होतं, त्यांनी आपल्या साडीच्या काठाची वेलबुट्टी काढली. जी माणसं रातोरात पळाली होती, तीच आता सुई घ्यायला रांगेत भांडत होती, कारण टोचल्याशिवाय चुना मिळत नव्हता! तीन दिवसांत बाकीच्या ओळींनीही तेच मागितलं. आठवड्यात सगळी छावणी टोचून झाली. दोनदा कुणाला नाही आणि कुणी सुटलं नाही. पाचव्या ओळीतलं एकही माणूस पटकीने गेलं नाही. ही गोष्ट सांगताना आजही माझी मान ताठ होते, होऊ दे.

सांगलीला पत्र गेलं ते हर्डीकरांनी लिहिलं. मी वाचलं होतं. चूक आमची, असं पहिल्याच ओळीत होतं. पथक कुणी परत बोलावलं नाही.

टुनूला चार बाटल्या लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी तंबूबाहेर आले तर उंबरा म्हणून ठेवलेल्या फळीपुढे क्षीरोदा ओणवी होऊन चुन्याने आल्पना काढत होती, आणि टुनू तिच्या पाठीला टेकून उभी होती. काडीसारखी, पण उभी.

"मावशी, आम्ही तुमच्या ओळीतल्या नाही," मी हसत म्हटलं.

मास्तर नव्हते, पण तिला कळलं. तिने बोटाने पाचव्या ओळीकडे दाखवलं, मग तंबूकडे, मग आपल्या छातीवर हात ठेवला. मग एस्तेरबाईंपुढे तळहात पसरला आणि म्हणाली, "होलुद."

एस्तेरबाईंनी माझ्या आईच्या पिशवीतली चिमूट दिली. क्षीरोदाने ती नक्षीच्या मधोमध, ओल्या चुन्यावर टाकली आणि बोटाने फिरवली. हळद चुन्यात मिसळली आणि मधला ठिपका लाल झाला. आमच्याकडे असंच कुंकू करतात.

टुनूने त्यात बोट बुडवलं. मी वाकले तशी तिने ते माझ्या कपाळावर टेकवलं. जरा वाकडंच लागलं, एक ओघळ भुवईवर आला. सवयीने माझा हात पदराकडे गेला.

एस्तेरबाईंनी माझं मनगट धरलं.

"हे मात्र पुसू नकोस," त्या म्हणाल्या.